कान मोकळे ठेवणारा साधा हेडफोन: किनाऱ्यावर राहणाऱ्याने कसा निवडावा आणि कसा टिकवावा

रत्नागिरीत माझे इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीचे लहान दुकान आहे. मागच्या श्रावणात एक शिक्षिका कानाशेजारी बसणाऱ्या हेडफोनांची जोडी घेऊन आल्या. तिची डबी नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत होती. कुठे बटण नव्हते, सांधा दिसत नव्हता आणि रंगही एकच होता. तक्रार एवढीच होती, की उजव्या कानाचा नग चार्ज होत नाही. भिंगाखाली धरल्यावर कारण दिसले. त्या नगाच्या दोन चार्जिंग पिनांपैकी एक जवळजवळ नाहीशी झाली होती. तिच्यावरचा सोन्याचा मुलामा उडून आतला धातू उघडा पडला होता आणि भोवतीच्या खाचेत हिरवट चुरा साठला होता. तिच्या शेजारची पिन मात्र लख्ख होती. बाई रोज सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर फिरून येत आणि घाम व खारे तुषार बसलेली जोडी तशीच डबीत ठेवून झाकण लावत. झाकण लागले की चार्जिंग सुरू होते, आणि पिना खाऱ्या पाण्याने ओल्या असताना वीज वाहू लागली की धन बाजूच्या पिनेचा धातू त्या पाण्यात विरघळू लागतो. म्हणूनच दोन पिनांपैकी एकच गेली होती.

त्या जोडीचे बाह्यरूप अतिशय साधे होते, परंतु पाण्याचा थेंब अडकून राहील अशी खाच तिच्यात होती आणि ती नजरेला पडू नये अशा जागी नेऊन ठेवलेली होती. ओपन-इअर हेडफोन घ्यायला निघालेल्या गिऱ्हाइकाला मी जे सांगतो, ते याच एका फरकाभोवती फिरते: रचनाकाराने कोणती गोष्ट खरोखर काढून टाकली आहे आणि कोणती नुसती नजरेआड केली आहे, हे आधी ओळखावे. खाऱ्या, दमट हवेत काढून टाकलेला भाग कधीच बिघडत नाही. नजरेआड केलेला भाग मात्र हमखास बिघडतो, आणि तो बिघडल्याचे आपल्याला उशिरा कळते.

बाजारात काय मिळते

ज्याने कानाचे भोक बंद होत नाही तो ओपन-इअर हेडफोन, इतकी सोपी व्याख्या पुरेशी आहे. कान मोकळा ठेवण्याची कल्पना तशी जुनी आहे. सेनहायझर कंपनीने १९६८ साली एचडी ४१४ हा पाठीमागून उघडा असलेला, पिवळ्या फोमच्या गाद्यांचा हलका हेडफोन आणला. १९७९ साली सोनीच्या पहिल्या वॉकमनसोबत आलेला हेडफोनही त्याच वंशातला होता. धातूची एक पातळ पट्टी, फोमच्या दोन चकत्या आणि सुमारे ५० ग्रॅम वजन, असा तो प्रकार होता. आजचे ओपन-इअर त्याहून एक पाऊल पुढे जाऊन कानावरची गादीसुद्धा काढून टाकतात.

आज दुकानात साधारण चार घडणी दिसतात. पहिली हाडांमार्फत ऐकवणारी, म्हणजे बोन कंडक्शनची. मानेमागून जाणारी एक लवचीक पट्टी असते, तिच्या दोन टोकांचे लहान ठोकळे कानापुढे गालाच्या हाडावर टेकतात आणि त्यांची कंपने कवटीच्या हाडातून थेट अंतर्कर्णापर्यंत पोहोचतात. शॉक्झ कंपनीचा ओपनरन हा या प्रकारचा सर्वांत परिचित नमुना असून त्याचे वजन २६ ग्रॅम आहे. दुसरी घडण कानावर आकड्यासारखी अडकते आणि भोकासमोर एक छोटा स्पीकर धरून ठेवते. तिसरी कानाच्या कडेला चिमट्यासारखी बसते. बोस कंपनीचे २०२४ सालचे अल्ट्रा ओपन इअरबड्स या जातीचे आहेत. चौथी घडण थोड्याच कंपन्यांनी हाताळली, पण रचनेच्या दृष्टीने मला तीच सर्वांत जास्त आवडते. २०२२ साली आलेल्या सोनीच्या पहिल्या लिंकबड्समध्ये स्पीकरच कड्याच्या आकाराचा केलेला आहे, त्याच्या मधोमध आरपार भोक आहे आणि बाहेरचा आवाज त्या भोकातून कानात जातो. बाहेरचे ऐकू यावे म्हणून इतर अनेक इअरबड्समध्ये माइक, चिप आणि प्रोग्रॅम घालावे लागतात. इथे ते काम एका भोकाने केले आहे. अर्थात तो नग कानाच्या खोलगट भागात बसतो, त्यामुळे ज्यांचा कान लहान आहे त्यांना तो दुखू शकतो, हेही सांगितले पाहिजे.

वजन कुठे टेकते, हे आधी पाहावे

कानावर वजन कसे पेलावे याचा विचार आपल्याकडच्या सोनारांनी फार पूर्वी केलेला आहे. बुगडी कानाच्या वरच्या कडेला बसते, पुरुषांची भिकबाळीही वरच्याच भागात असते, आणि कुडी पाळीत असते. दागिना जड असेल तर त्याचा सगळा भार पाळीवर येऊ नये म्हणून वेल वापरतात. ही सोन्याची किंवा मोत्यांची सर कानामागून वर जाऊन केसांत अडकते आणि भार वाटून घेते. आकड्याच्या हेडफोनाचे तत्त्व वेलाचे आहे आणि चिमट्याच्या हेडफोनाचे तत्त्व दाबाच्या बुगडीचे आहे. त्यामुळे आकड्याच्या प्रकारात वजन थोडे जास्त असले तरी चालते, कारण ते कानाच्या मुळावर पसरते. चिमट्याच्या प्रकारात मात्र वजनापेक्षा दाब महत्त्वाचा ठरतो, कारण कानाच्या कडेला मऊ मांस नसते, कूर्चा असते आणि कूर्चेवरचा सततचा दाब थोड्या वेळाने ठसठसू लागतो.

पहिल्या पाच मिनिटांत कोणताच हेडफोन टोचत नाही. म्हणून दुकानात गेल्यावर तो कानाला लावून निदान वीस मिनिटे काढावीत. तेवढ्या वेळात इतर चौकश्या आटोपतात. रोज चष्मा वापरणाऱ्याने चष्मा लावूनच पाहावे, कारण चष्म्याची काडी आणि हेडफोनाचा आकडा दोघेही कानामागची तीच बोटभर जागा मागतात. अशा माणसाला चिमट्याचा प्रकार अधिक सुखाचा होतो. कानात कुड्या किंवा मोठी कर्णफुले घालणाऱ्या बायकांना उलट अनुभव येतो: चिमट्याचा मागचा गोळा कर्णफुलाच्या फिरकीला लागतो, आणि चालताना त्याचा टकटक आवाज हाडातून कानात येत राहतो. मानेमागच्या पट्टीबाबत कोकणातली अडचण वेगळी आहे. रेनकोटची टोपी डोक्यावर घेतली की ती पट्टी मागून ढकलली जाते आणि गालावरचे ठोकळे जागचे सरकतात. पावसाळ्यात रोज चालणाऱ्याने रेनकोट सोबत नेऊन हीही परीक्षा करावी. दुकानदाराला थोडे नवल वाटेल, पण चार महिन्यांचा त्रास वाचेल.

बटणे, डबी आणि ॲप

गुळगुळीत, बटणाविना असलेला पृष्ठभाग फोटोत देखणा दिसतो. त्यावर बोट टेकवले की गाणे थांबते, दोनदा टेकवले की पुढचे लागते, तीनदा टेकवले की मागचे लागते आणि दाबून धरले की आणखी काही होते, अशी ती व्यवस्था असते. म्हणजे बटणे कमी झालेली नसतात. ती आपल्या स्मरणशक्तीत नेऊन ठेवलेली असतात. शिवाय असा स्पर्शी पृष्ठभाग बोटाची विद्युत धारकता, म्हणजे विद्युत भार साठवण्याची क्षमता, ओळखतो आणि पाण्याचा थेंबही त्याला बोटासारखाच भासू शकतो. पावसाची सर आली की गाणे आपोआप थांबते, फोन आपोआप लागतो, आणि घामाने ओल्या बोटाचा स्पर्श मात्र कळत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे, की किनाऱ्यावर राहणाऱ्याने दाबले गेल्याचे बोटाला कळेल असे खरे बटण असलेला हेडफोन घ्यावा. आवाज वाढवण्याचे एक, कमी करण्याचे एक, आणि गाणे थांबवणे व फोन उचलणे यासाठी एक, अशी तीन बटणे असलेला हेडफोन मला निव्वळ गुळगुळीत हेडफोनापेक्षा जास्त साधा वाटतो, कारण त्यात प्रत्येक बटणाला एकच काम असते आणि ते अंधारात, ओल्या बोटांनीही करता येते. बटण रबराच्या अखंड कातडीखाली असावे. भोवती फट असलेले बटण मिठाला निमंत्रण देते.

चार्जिंगची जागाही बारकाईने पाहावी. पिना सपाट आणि पृष्ठभागाच्या पातळीवर असतील तर त्या एका फटक्यात पुसून होतात. खोल खाचेत असतील तर त्या बाईंच्या जोडीसारखी गत होते. मानेमागच्या पट्टीच्या काही हेडफोनांना कंपनीची स्वतःची चुंबकीय केबल लागते. ती जागा सहसा चांगली बंदिस्त असते, परंतु केबल हरवली तर गुहागर किंवा देवगडच्या बाजारात दुसरी मिळणे कठीण असते. यूएसबी-सी असेल तर घरातली कोणतीही केबल चालते, पण त्या भोकात कचरा आणि खारट ओल शिरते. दोन्हींत मी यूएसबी-सीच्या बाजूने कौल देईन, मात्र त्या भोकावर घट्ट बसणारे रबरी झाकण किंवा आत पाणी ओळखून चार्जिंग थांबवणारी सोय असावी.

ॲपविषयी थोडक्यात सांगतो. नवीन जोडी दुकानातच ॲपशिवाय फोनला जोडून पाहावी. आवाज कमी-जास्त करणे, फोन घेणे आणि दोन उपकरणांना एकाच वेळी जोडलेले राहणे यांपैकी कशालाही ॲप लागत असेल, तर रचनेतला गुंता फक्त फोनमध्ये हलवलेला आहे असे समजावे.

पाण्याबद्दलचे आकडे कसे वाचावेत

डब्यावर आयपी ५४, आयपी ५५, आयपी ६७ असे लिहिलेले असते. पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याचा आहे. पाण्याच्या आकड्यात ४ म्हणजे कोणत्याही बाजूने उडालेले शिंतोडे, ५ म्हणजे नळीतून येणारी धार, आणि ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. पहिल्या जागी एक्स असेल, उदाहरणार्थ आयपीएक्स ४, तर धुळीची चाचणी जाहीर केलेली नाही असा त्याचा अर्थ होतो. पुळणीवर बसून गाणी ऐकणाऱ्याने त्याकडे लक्ष द्यावे, कारण बारीक वाळू जाळीत शिरली की ती काढणे फार जिकिरीचे असते. कोकणातल्या माणसाने या आकड्यांबाबत दोन गोष्टी मनात पक्क्या ठेवाव्यात. या चाचण्या गोड्या पाण्याने होतात. समुद्राचे पाणी वाळल्यावर मागे राहणारे मीठ त्यांत धरलेले नाही, आणि ते मीठ हवेतली ओल पुन्हा पुन्हा शोषून घेत राहते. दुसरे म्हणजे हा आकडा बहुधा कानातल्या नगांचा असतो, डबीचा नसतो. नग भिजले तर चालतील, पण ते भिजलेले डबीत ठेवले तर डबी जाईल, असा प्रकार नेहमी घडतो.

रोजच्या चालण्याला आयपी ५४ किंवा ५५ पुरते. होडीवर, खाडीत किंवा भर पावसात काम करणाऱ्याने ६७ च्या खाली जाऊ नये. विहिरीत पोहताना ऐकण्याची हौस असलेल्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की पाणी ब्लूटूथच्या लहरी शोषून घेते, म्हणून फोन काठावर ठेवून पाण्याखाली गाणे ऐकू येत नाही. त्यासाठी स्वतःच्या मेमरीत गाणी साठवणारा, आयपी ६८ दर्जाचा वेगळा प्रकार मिळतो.

आवाज जुळवणे

ओपन-इअर हेडफोन घेतलेल्या माणसाची पहिली तक्रार ढोलकीचा ठेका जाणवत नाही, ही असते. यात त्या वस्तूचा दोष नाही. खर्जातले सूर कानापर्यंत भरदार पोहोचायचे असतील तर स्पीकर आणि कानाचा पडदा यांच्यामधली हवा कोंडलेली असावी लागते. कान मोकळा ठेवला की ती हवा निसटते आणि खर्ज पातळ होतो. अनेक जण मग इक्वलायझरमध्ये, म्हणजे सुरांचे पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करण्याच्या सोयीत, बास (खर्ज) वाढवतात. हवेतून ऐकवणाऱ्या प्रकारात त्याने छोटा स्पीकर फाटका वाजू लागतो, आणि हाडांमार्फत ऐकवणाऱ्या प्रकारात गालावर गुदगुल्या होतात. बास आहे तसा ठेवून एक ते चार किलोहर्ट्झचा पट्टा किंचित उचलावा. माणसाच्या बोलण्यातली व्यंजने ज्यामुळे स्पष्ट होतात तो बराचसा भाग याच पट्ट्यात असतो, त्यामुळे बातम्या, कीर्तन, व्याख्यान, ऑडिओबुक हे सगळे कमी आवाजातही नीट उमजते. आणि मनापासून सांगतो, या प्रकारच्या हेडफोनाचे खरे सुख बोलण्यात आणि एकट्या आवाजाच्या गाण्यात आहे. ढोल-ताशा ऐकायचा असेल तर त्यासाठी घरात दुसरे साधन असावे.

आवाजाची पातळी ठरवण्याची माझी रीत अशी आहे. संध्याकाळी घरच्या पडवीत, पंखा बंद करून बसावे. समोर हातभर अंतरावर घरातले कोणी नेहमीच्या आवाजात बोलत असताना त्यांचा शब्द न् शब्द कळेल इतक्या पातळीवर हेडफोन आणावा आणि फोनवर ती खूण लक्षात ठेवावी. ही आपली मर्यादा. बाहेर गेल्यावर ती ओलांडावीशी वाटली, तर आवाज वाढवण्याऐवजी जागा बदलावी. भाट्याला पाण्याच्या कडेने चालताना लाटांचा आवाज सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो आणि तो बोलणे गिळून टाकतो. तेच सुरूच्या बनाकडे वर सरकून चाललात तर त्याच पातळीवर सगळे ऐकू येते. हाडांमार्फत ऐकवणाऱ्या हेडफोनाने कानाला इजा होत नाही, असा एक गैरसमज माझ्या गिऱ्हाइकांत पसरलेला आहे. तो पडद्याला वळसा घालतो हे खरे, परंतु मोठ्या आवाजाने झिजतात त्या अंतर्कर्णातल्या पेशी, आणि तिथे तर तो सरळच पोहोचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकता येतो. तोच ९० डेसिबल झाला तर सुरक्षित वेळ ४ तासांवर येते.

आवाज बाहेर किती गळतो, हेही घेण्यापूर्वी पाहावे. चांगल्या घडणीत स्पीकरच्या मागच्या बाजूने उलट कलेची, म्हणजे पुढच्या लहरीच्या चढाला उतार असलेली, लहर सोडलेली असते, जेणेकरून दूरवर दोन्ही लहरी एकमेकींना खोडून काढतात आणि कानाजवळ मात्र पुढची लहर टिकते. मित्राला हेडफोन लावायला सांगून आपण एसटीच्या बाकावर बसावे तसे त्याच्या शेजारी बसावे. शब्द कळत असतील तर तो प्रवासात वापरण्याजोगा नाही.

कुठे वापरावा आणि कुठे काढून ठेवावा

आमच्याकडे मार्च ते मे या काळात आंब्याच्या बागेत राखण असते. रात्रभर मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, जागणाऱ्या माणसाला सोबत हवी असते, आणि कान मात्र बागेकडे हवेत. सुकलेल्या पाल्यावर पडलेले पाऊल, फांदी हलल्याची सळसळ, कुत्र्याचे गुरगुरणे हे आवाज इतके हलके असतात, की कान बंद करणारा इअरफोन त्यांना पार झाकून टाकतो. माझ्या ओळखीचे एक राखणदार चिमट्याच्या जोडीतला एकच नग, वाडीच्या वाटेकडे असलेला कान सोडून दुसऱ्या कानाला लावतात आणि आवाज अगदी खाली ठेवतात. दुसरा नग तेवढ्या वेळात डबीत चार्ज होत राहतो आणि मध्यरात्री अदलाबदल करता येते. सुट्या नगांच्या घडणीचा इतका नेमका उपयोग मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

स्वयंपाकघरात, लहान मूल झोपलेले असताना, घरात आजारी माणूस असताना, दुकानाच्या गल्ल्यावर आणि पायी चालताना हा प्रकार उत्तम आहे. ज्यांचे कान पावसाळ्यात खाजतात किंवा वाहतात त्यांनाही तो बरा पडतो. दमट हवेत कानाच्या नळीत बुरशी सहज वाढते, आणि सिलिकॉनच्या बोंडाने नळी बंद केली की ओल आतच कोंडते. अर्थात कान वाहत असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. ज्यांना मध्यकर्णाच्या दोषामुळे कमी ऐकू येते त्यांना हाडांमार्फत ऐकवणारा हेडफोन पुष्कळदा उपयोगी पडतो. वयोमानाने येणारा बहिरेपणा मात्र बहुधा अंतर्कर्णाचा असतो, आणि तिथे या हेडफोनाकडून फार अपेक्षा ठेवू नये. वडिलांसाठी घ्यायला आलेल्या मुलांना मी आधी तपासणी करून यायला सांगतो.

जिथे भोवतालचा आवाज सतत मोठा असतो तिथे हा हेडफोन लावूच नये. कोकण रेल्वेच्या उघड्या खिडकीच्या डब्यात, विशेषतः उक्षी आणि भोके यांच्यामधल्या साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात, काहीही ऐकू येत नाही आणि हात आपोआप आवाज वाढवण्याकडे जातो. डिझेल इंजिनाच्या होडीवर आणि जनरेटरशेजारीही हेच होते. दुचाकी चालवताना तर कान मोकळे असले तरी तो लावू नये, कारण प्रश्न कानाचा जितका तितकाच लक्षाचा आहे, आणि घाटातल्या वळणावर ते लक्ष पूर्णपणे रस्त्यावर असावे लागते.

रोजची निगा आणि पावसाळा

किनाऱ्यावरून परत आल्यावर मऊ सुती कापड गोड्या पाण्यात बुडवून घट्ट पिळावे आणि संपूर्ण हेडफोन पुसावा. मीठ पाण्यानेच निघते. कोरड्या कापडाने ते फक्त इकडचे तिकडे होते. मग कोरड्या कापडाने पुसून सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर निदान अर्धा तास ठेवावा, आणि त्यानंतरच डबीत किंवा चार्जिंगला लावावा. या लेखातले एकच वाक्य पाळायचे असेल तर हे पाळावे. त्या शिक्षिकांच्या जोडीची झिजलेली पिन मी एका निकामी पट्टीवरची पिन काढून बदलून दिली, आणि जोडी चालू झाली. आता त्या पर्समध्ये ओले आणि कोरडे असे दोन रुमाल ठेवतात.

जाळीत अडकलेली वाळू आणि मळ काढताना जाळी जमिनीकडे करून कोरड्या, मऊ दातब्रशने हलकेच झटकावे. टाचणी घालू नये, फुंकरही मारू नये. फुंकरीतली ओल आणि वाळू दोन्ही आत जातात. डोक्याला खोबरेल तेल लावून लगेच हेडफोन घालू नये. तेलाने चिमटा घसरतो, आणि तेलकट जाळीवर धूळ इतकी घट्ट बसते की ती मला भिंगाखाली खरवडून काढावी लागते.

रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. त्या दिवसांत कापडाने पुसलेली वस्तूही उघड्यावर वाळत नाही. पापड आणि फेण्या ज्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो तसाच एक छोटा डबा हेडफोनासाठी ठेवावा आणि त्यात सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या टाकाव्यात. नारिंगी रंगाचे दाणे ओल शोषून हिरवे झाले की पुड्या बदलाव्यात. निळे दाणे ओलीने गुलाबी होतात. त्यांत कोबाल्टचे क्षार असतात, म्हणून ते पुन्हा सुकवण्यासाठी स्वयंपाकाच्या तव्यावर कधीही तापवू नयेत. भिजलेला हेडफोन तांदळाच्या डब्यात पुरण्याची पद्धतही सोडून द्यावी. तांदूळ ओल फार थोडी ओढतो आणि त्याची पीठी जाळीत जाते.

मे महिन्यात बंद गाडीच्या काचेखाली हेडफोन ठेवू नये, कारण उष्णतेने लिथियमची बॅटरी लवकर म्हातारी होते. गणपतीला किंवा शिमग्याला गावी येऊन परत जाताना पुष्कळ चाकरमानी जुनी जोडी गावच्या कपाटात ठेवून जातात आणि पुढच्या वर्षी ती माझ्याकडे मेलेल्या अवस्थेत येते. बॅटरी पूर्ण उतरलेल्या स्थितीत महिनोन्महिने राहिली, की ती पुन्हा चार्ज घेत नाही. जोडी ठेवूनच जायची असेल तर ती अर्धी चार्ज करून, बंद करून, सिलिका जेलच्या डब्यात घालून शेजाऱ्यांकडे द्यावी आणि दर दोन-तीन महिन्यांनी अर्धा तास चार्जिंगला लावायला सांगावे.